पोळी कुणाची, टाळी कुणाची

जानेवारी २०२२ मध्ये एका मराठी मालिकेतून एका अभिनेत्याला काढलं गेलं. आपण समाजमाध्यमांवर राजकीय लिहितो म्हणून काढलं, असं त्याचं म्हणणं होतं. सेटवरच्या वागणुकीमुळे काढलं, असं निर्मात्यांचं. पुढचे काही आठवडे महाराष्ट्रात जो वाद पेटला तो मी मन लावून वाचला, आणि त्यातली एक गोष्ट मला अजून छळते. पुरावा कुणाकडेच नव्हता, तरी खरं कारण प्रत्येकाला ठाऊक होतं. माणसाची राजकीय बाजू कळली की त्याला कोणतं कारण ‘ठाऊक’ असणार हे बिनचूक सांगता येत होतं. त्यानंतरही असे वाद होतच राहिले. नट बोलला की एकजण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा काढतो, दुसरा म्हणतो नटानं नाटक करावं, तिसरा म्हणतो पैसे मोजणारा ठरवेल. पुढच्या खेपेला बोलणारा नट विरुद्ध गोटातला निघाला, की हेच तिघं पाट बदलून बसतात.

माझं म्हणणं आधीच मांडतो. नट मेहनत विकतो, चेहरा भाड्यानं देतो, पण मत विकत नाही. त्याच्या बोलण्यावर तुटून पडा, त्याचं म्हणणं खोडून काढा, त्याची मालिका बघू नका. मात्र मतासाठी त्याची भाकरी काढून घेणं आणि वर कारण भलतंच सांगणं हे चूक आहे. आणि तो नेमका काय बोलला हे कळण्याआधीच ज्याला एवढं कबूल करता येत नाही, त्याचं स्वातंत्र्यावरचं प्रेम फक्त स्वतःच्या बाजूवरचं प्रेम आहे.

आजच्या नावांवर बोलायला लागलं की आपण लगेच बाजू घेतो. म्हणून मी चाळीस वर्षांपूर्वीचं, अमेरिकेतलं एक प्रकरण समोर ठेवतो. त्यात आपल्यापैकी कुणाचाच पक्ष गुंतलेला नाही. आणि खरं सांगायचं तर, या वादाच्या इतक्या बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. तो माणूस म्हणजे एड ॲझ्नर. आपल्याकडच्या मुलांना त्यांचा आवाज तरी परिचयाचा आहे: २००९ च्या ‘अप’मध्ये घराला फुगे बांधून उडणारा तो कुरकुऱ्या म्हातारा कार्ल, त्याचा आवाज त्यांचाच.

ॲझ्नर यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९२९ चा, कॅन्सस सिटीचा. घर सनातनी ज्यू, वडिलांचा धंदा भंगाराचा. शिकागो विद्यापीठात शिक्षण अर्धवट सोडलं, मोटारीच्या कारखान्यात काम केलं, १९५१ ते ५३ सैन्याच्या सिग्नल विभागात काढली, मग शिकागोत आणि न्यूयॉर्कमध्ये नाटकं. १९६१ मध्ये हॉलिवूडला आले आणि पुढची नऊ वर्षं मालिकांत एक-एक भागाचे पोलीस, गुंड, वकील वठवत राहिले. ठेंगणे, थोराड, टक्कल पडलेले. नायकाचं एकही लक्षण नाही. चाळिशीत, सप्टेंबर १९७० मध्ये, ‘द मेरी टायलर मूर शो’ सुरू झाला आणि मिनियापोलिसच्या एका फुटकळ वाहिनीच्या वृत्तविभागाचा प्रमुख लू ग्रँट त्यांना मिळाला. पहिल्याच भागातली मुलाखत अमेरिकन टीव्हीच्या इतिहासात जाऊन बसली आहे. नोकरीसाठी आलेल्या मेरीला लू म्हणतो, तुझ्यात धमक आहे. ती खुलते. तो पुढे म्हणतो, मला धमक अजिबात खपत नाही. त्या दोन वाक्यांमधला विराम ॲझ्नर ज्या तऱ्हेनं धरतात, तो अभिनय शिकणाऱ्यानं शंभरदा पाहावा. रागावलेल्या माणसाच्या आत त्याला नको असलेली माया दडलेली असते, आणि ती लपवायची धडपड हाच त्यांच्या विनोदाचा पाया होता.

१९७७ मध्ये ती विनोदी मालिका संपली आणि टीव्हीवर क्वचितच घडणारी गोष्ट घडली. तेच पात्र, तोच नट, पण आता तासाभराच्या गंभीर मालिकेत. लू ग्रँट लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राचा शहर-संपादक झाला. मालिकेचं नावही ‘लू ग्रँट’. पाच वर्षांत ११४ भाग. व्हिएतनामहून परतलेले सैनिक, विषारी कचरा, घरातली मारहाण, वृद्धांचे हाल, आणि या सगळ्याची बातमी छापावी की नाही यावर मालकीणबाईंशी होणारे खटके. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मानाचा पुरस्कार, तिला मिळाला. एकाच पात्रासाठी विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही विभागांत एमी मिळवण्याचा पहिला मान ॲझ्नर यांचा. एकूण सात एमी, आणि त्यातला एक ‘रूट्स’ या गुलामगिरीवरच्या मालिकेतल्या कॅप्टन डेव्हिससाठी. या भूमिकेपाशी मी थोडा थांबतो. डेव्हिस हा गुलामांच्या जहाजाचा कप्तान. देवभीरू, सज्जन, मनातून कुढणारा. आपण करतोय ते पाप आहे हे त्याला कळतं, आणि तरी तो जहाज हाकत राहतो, कारण ते त्याचं काम आहे. सद्सद्विवेक जागा असून तोंड बंद ठेवणारा माणूस ॲझ्नर यांनी इतका आतून उभा केला, की पाच वर्षांनी त्यांनी स्वतः काय केलं ते वाचताना मला हा कप्तान आठवल्याशिवाय राहत नाही.

१९८० च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या नटांनी संप केला. व्हिडिओ कॅसेट आणि पैसे भरून बघायच्या वाहिन्या यांतून येणाऱ्या कमाईत वाटा, हा मुख्य प्रश्न होता. संप ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या वर्षीच्या एमी सोहळ्यावर नटांनी बहिष्कार घातला. ॲझ्नर यांना पुरस्कार जाहीर झाला, पण ते गेले नाहीत. संपात ते पुढे होते आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९८२ मध्ये काही सहकाऱ्यांसह ते वॉशिंग्टनला गेले आणि मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशातल्या युद्धपीडितांच्या औषधोपचारासाठी जमवलेल्या २५ हजार डॉलरची मदत त्यांनी जाहीर केली. त्या देशातल्या लष्करी राजवटीला अमेरिकन सरकार शस्त्रं आणि पैसा पुरवत होतं. ते त्यांना अमान्य होतं. पत्रकारानं विचारलं, तिथे मुक्त निवडणुका होऊन कम्युनिस्ट सरकार आलं तर? ॲझ्नर यांचं उत्तर साधं होतं: लोकांनी तेच निवडलं, तर त्यांना ते मिळू द्या.

एवढ्या एका उत्तरानं वणवा पेटला. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, संरक्षण ठेवावं लागलं. जाहिरातदारांवर दबाव सुरू झाला. किम्बर्ली-क्लार्क आणि व्हिडाल ससून यांच्यासारख्या कंपन्यांनी मालिकेतून अंग काढून घेतलं. मे महिन्यात सीबीएस वाहिनीनं ‘लू ग्रँट’ बंद करत असल्याचं जाहीर केलं. प्रेक्षकसंख्या घसरली, हे वाहिनीचं कारण. राजकारण, हे ॲझ्नर यांचं.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं ऐकू, आणि त्यातलं सर्वात भक्कम आधी. प्रेक्षकसंख्या खरोखरच घसरली होती. पाच वर्षं चाललेल्या मालिकेला ओहोटी लागणं नवल नाही, आणि एमी मिळवणाऱ्या मालिकाही बंद पडतात. ॲझ्नर यांच्या उत्तरामुळेच मालिका बंद झाली हे सिद्ध करता येत नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण याच जागी वाद दरवेळी अडकतो, आणि माझ्या मते इथेच तो चुकीचा मांडला जातो. ‘मतामुळे की प्रेक्षकसंख्येमुळे’ हा प्रश्न असा विचारला जातो, जणू दोन्हींतलं एकच खरं असू शकतं. वाहिनीच्या तराजूत मात्र दोन्ही वजनं एकाच पारड्यात पडतात. भरघोस कमाई करून देणाऱ्या नटाचं मत ‘स्वभाव’ म्हणून खपून जातं, थोडी कमी कमाई करणाऱ्याचं तेच मत ‘डोकेदुखी’ ठरतं.

दोन उदाहरणं देतो. पहिलं विनोदी नटी लुसिल बॉल यांचं. १९५३ मध्ये, साम्यवाद्यांच्या धरपकडीचा ज्वर टिपेला असताना, बातमी फुटली की या बाईंनी १९३६ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना कम्युनिस्ट पक्षाचं नाव लावलं होतं. त्याहून किरकोळ गोष्टींवरून त्या काळात माणसं देशोधडीला लागत होती. बॉल यांचं काय झालं? काहीही नाही. आजोबांच्या समाधानासाठी नाव नोंदवलं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण ग्राह्य धरलं गेलं. सिगारेट कंपनी प्रायोजक म्हणून टिकली, वाहिनी पाठीशी उभी राहिली. कारण ‘आय लव्ह लूसी’ तेव्हा देशातली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. मला त्यांच्या सुटकेचा आनंदच आहे. पण तीच वाहिनी आणि तोच काळ घ्या. ‘द गोल्डबर्ग्स’मध्ये घरातल्या बाबांचं काम करणाऱ्या फिलिप लोब यांचं नाव १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ या, कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन कलाकारांची नावं छापणाऱ्या पुस्तिकेत आलं. त्यांना मालिकेतून जावं लागलं. काम मिळेना. १९५५ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. दोघांच्या देशभक्तीत असा कोणता फरक होता?

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण ते थेट ॲझ्नर यांच्या विरोधकांच्या घरातलं आहे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदी होते रॉनल्ड रेगन. एकेकाळचे नट, आणि त्याच स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचे माजी अध्यक्ष. १९५४ पासून ते सीबीएसवर जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साप्ताहिक नाट्यमालिकेचे सूत्रधार होते. कराराचा भाग म्हणून कंपनीच्या कारखान्यांत फिरून भाषणं करायची. सुरुवातीला गमतीजमती, हळूहळू ती भाषणं सरकारी हस्तक्षेपाविरुद्धची, चांगली धारदार राजकीय भाषणं झाली. एकदा त्यांनी एका मोठ्या सरकारी वीजप्रकल्पावर तोफ डागली, आणि तो प्रकल्प निघाला जनरल इलेक्ट्रिकचा मोठा गिऱ्हाईक! १९६२ मध्ये मालिका बंद झाली. का? त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘बोनान्झा’ सुरू होती आणि प्रेक्षक तिकडे वळले होते, हे एक कारण. कंपनीला राजकीय भाषणं नको होती, फक्त मालाची जाहिरात हवी होती आणि आपण ते नाकारलं, हे रेगन यांनी स्वतः सांगितलेलं कारण.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. दोन नट, दोघंही एकाच संघटनेचे अध्यक्षपद भूषवलेले. वाहिनी एकच. दोघंही राजकीय बोलले, दोघांच्याही मालिका बंद झाल्या, आणि दोन्ही वेळा तीच दोन कारणं समोर आली. रेगन यांच्या चाहत्याला विचारा, १९६२ मध्ये काय झालं? तो म्हणेल, निर्भीडपणाची शिक्षा. १९८२ मध्ये? प्रेक्षकसंख्या. ॲझ्नर यांच्या चाहत्याला विचारा, उत्तरं बरोबर उलटी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण त्यांच्या भाषेत नसेल, पण खोड तीच आहे. म्हणून माझा आग्रह आहे की तत्त्व असं मांडा जे या दोघांनाही लागू पडेल. रेगन यांची राजकीय मतं मला पटत नाहीत, पण कंपनीनं त्यांना ‘फक्त बल्ब आणि टोस्टर विका’ असं सांगितलं असेल, तर कंपनी चुकली. हे वाक्य मला मनापासून लिहिता येतं की नाही, हीच माझी स्वतःची परीक्षा आहे.

विरुद्ध बाजूचा दुसरा मुद्दा पदाचा, आणि तोही वजनदार आहे. ॲझ्नर साधे नट नव्हते, हजारो नटांचे निवडून दिलेले अध्यक्ष होते. त्या हजारोंत सगळ्या मतांची माणसं होती. अध्यक्ष बोलला की संघटना बोलली, असं जग धरतं. चार्लटन हेस्टन यांच्यासारख्या ज्येष्ठ नटांनी यावरूनच उघड विरोध केला. मला यात तथ्य वाटतं. मराठीत आपण म्हणतो तसं, खुर्चीवर बसल्यावर माणूस एकटा उरत नाही. त्याला शब्द तोलावे लागतात, आणि ‘हे माझं वैयक्तिक मत’ एवढं म्हणून सुटका होत नाही. पण यावर उपाय काय, आणि तो कुणाच्या हातात? सभासदांच्या. ज्यांचा अध्यक्ष त्यांनी त्याला जाब विचारावा, त्याला पाडावं. झालं काय? १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि सभासदांनी ॲझ्नर यांनाच पुन्हा निवडलं. १९८५ पर्यंत ते अध्यक्ष राहिले. ज्यांच्या वतीनं राग व्यक्त केला जात होता त्यांनी आपला निवाडा दिला होता. शिवाय, पदावर असताना राजकारण नको म्हणणाऱ्यांनी १९४७ का विसरावं? त्या वर्षी रेगन गिल्डचे अध्यक्ष या नात्यानंच वॉशिंग्टनमध्ये, चित्रसृष्टीतले कम्युनिस्ट शोधणाऱ्या चौकशी समितीपुढे साक्षीला उभे राहिले होते. आणि हेस्टन? १९६३ मध्ये नागरी हक्कांच्या मोर्चात ते वॉशिंग्टनला चालले, याचा मला आदर वाटतो. पुढे १९९८ पासून ते बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. दोन्ही वेळा लोकांनी त्यांचं ऐकलं ते पडद्यावरच्या चेहऱ्यामुळेच. चेहऱ्याचा उपयोग हा गुन्हा असेल तर तो सगळ्यांचाच धरावा लागेल.

तिसरा मुद्दा मला सर्वात जास्त टोचतो. मालिका म्हणजे एक नट नव्हे. लेखक, कॅमेरामन, रंगभूषाकार, प्रकाशयोजना करणारे, चहा-नाश्ता देणारे, सगळ्यांच्या चुली तिच्यावर पेटतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. ॲझ्नर यांना पुरस्कार होते, नाव होतं. त्यांच्या शब्दांची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कुणी विचारलं होतं का? हा प्रश्न भावनिक म्हणून झटकून टाकता येत नाही. पण जरा नीट पाहा: या कामगारांच्या चुली विझवल्या कुणी? एका माणसानं एक मत मांडलं. त्यानंतर काहींनी मोहीम चालवली, काही कंपन्या घाबरल्या, वाहिनीनं हिशेब केला. या साखळीत प्रत्येकापाशी निर्णय होता, आणि दोष मात्र ज्यानं कुणाचंही काम काढून घेतलं नाही त्याच्या माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. सहकाऱ्यांच्या पोटाची काळजी जो दाखवतो, तो हे विसरतो की ती काळजीच दबावाचं सर्वात धारदार हत्यार असते. एकट्याला गप्प बसवणं कठीण असतं. तुझ्यामुळे दोनशे जणांची घरं बसतील म्हटलं, की भला माणूस आधी गप्प होतो. कॅप्टन डेव्हिसही याच तर्कानं जहाज हाकत होता.

ही साखळी किती थोड्या ताकदीनं हलते याचं एक जुनं उदाहरण आहे. १९५० मध्ये जीन म्युर यांना ‘द ऑल्ड्रिच फॅमिली’ या मालिकेत आईचं काम मिळालं. ‘रेड चॅनल्स’मध्ये त्यांचं नाव होतं. मूठभर फोन आणि दोनचार तारा आल्या, आणि जनरल फूड्स या प्रायोजकानं त्यांना पहिल्या प्रक्षेपणाआधीच काढून टाकलं. त्या दोषी आहेत असं कंपनी म्हणाली नाही. त्या ‘वादग्रस्त’ आहेत, एवढंच म्हणाली. या शब्दाची करामत पाहा. आरोप खोटा ठरवता येतो. वादग्रस्त असणं खोटं कसं ठरवणार? तुमच्यावर कुणी ओरडलं की तुम्ही झालात वादग्रस्त. म्हणजे तुमची नोकरी तुमच्या वागण्यावर नाही, ओरडणाऱ्याच्या घशावर अवलंबून. आपल्याकडे आज ‘नको ती कटकट’ हा शब्दप्रयोग नेमकं हेच काम करतो.

मग येतो जाणकारीचा मुद्दा: नटाला परराष्ट्र धोरणातलं काय कळतं? याचं उत्तर देताना ॲझ्नर यांचे चाहते घाईनं एल साल्वादोरचा इतिहास पुढे करतात. तो इतिहास भयंकर आहे. मार्च १९८० मध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची प्रार्थनासभेत गोळी घालून हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चार अमेरिकन धर्मसेविकांचा खून झाला. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोझोते या गावात लष्करानं शेकडो गावकरी मारले, त्यात लहान मुलं होती. जानेवारी १९८२ च्या अखेरीस ती बातमी अमेरिकेच्या दोन मोठ्या वर्तमानपत्रांत आली आणि लगोलग अमेरिकन सरकारनं प्रमाणपत्र दिलं की तिथे मानवी हक्कांची परिस्थिती सुधारते आहे. ॲझ्नर वॉशिंग्टनला गेले ते या पार्श्वभूमीवर, काही आठवड्यांतच. १९९२ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा सुमारे ७५ हजार माणसं गेली होती, आणि १९९३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगानं नोंदवलं की त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्क्यांत दोष सरकारी दलांकडे आणि त्यांच्याशी संबंधित टोळ्यांकडे जातो. बंडखोरांकडे सुमारे ५ टक्के.

म्हणजे नट बरोबर होता आणि परराष्ट्र खातं चूक. हे सांगताना मला समाधान वाटतं, पण या समाधानावर मी माझा युक्तिवाद उभारणार नाही, आणि तसा तो कुणी उभारू नये. कारण हाच माणूस पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या अधिकृत वृत्तांतावर शंका घेणाऱ्यांना आपलं नाव आणि आवाज देत होता. तिथे ते चुकले असं माझं स्पष्ट मत आहे. तोच निर्भीडपणा, तोच सरकारवरचा अविश्वास, आणि या खेपेस निष्कर्ष फसलेला. बोलायचा हक्क बरोबर निघण्यावर अवलंबून ठेवला, तर तो कुणालाच मिळणार नाही, कारण बरोबर कोण ते ठरायला अकरा वर्षं आणि एक आयोग लागतो. ॲझ्नर यांनी तज्ज्ञ म्हणून सल्ला दिला नव्हता. आपल्या करातून एका लष्कराला बंदुका जाव्यात की नाही, यावर नागरिक म्हणून मत दिलं होतं. ज्या देशात बस चालवणाऱ्याला आणि दूध विकणाऱ्याला हे मत असू शकतं, तिथे नटालाच परीक्षा पास होण्याची अट का?

राहिला प्रेक्षक आणि प्रायोजक. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही आपली जुनी म्हण. ती व्यवहार सांगते, न्याय सांगत नाही. प्रेक्षकाचा हक्क मी शंभर टक्के मानतो. ज्याचं तोंड बघवत नाही त्याची मालिका बघायची सक्ती कुणावर नाही. बहिष्काराचं आवाहन हेही अभिव्यक्तीच आहे. मी स्वतः काही कंपन्यांचा माल घेणं तत्त्वासाठी सोडलं आहे, आणि तो हक्क मला हवा असेल तर तो माझ्या विरोधकालाही द्यावा लागेल. मग मी नेमकं मागतो काय? नोकरी देणाऱ्यानं कारण सांगावं, लेखी सांगावं, आणि त्याच्याशी बांधील राहावं. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात १९३७ पासून दोन कलमं आहेत, ११०१ आणि ११०२. राजकीय मतावर किंवा कार्यावर मालकानं नियंत्रण आणू नये, त्यासाठी नोकरीची धमकी देऊ नये, असं ती सांगतात. कलमं चांगली आहेत, पण ‘लू ग्रँट’पर्यंत ती पोहोचली नाहीत, कारण कागदोपत्री कुणाला काढलंच नव्हतं, फक्त एक मालिका संपली होती. आपल्याकडे तर एवढाही आडोसा नाही. राज्यघटनेचं एकोणिसावं कलम सरकारपासून वाचवतं, निर्मात्यापासून नाही. दिवसाच्या हिशेबानं मानधन, तेही बहुधा तीन महिन्यांनी हाती येणारं, आणि करारातली काढून टाकण्याची अट एकतर्फी. अशा माणसाला तोंड उघडताना दहादा विचार करावा लागतो, आणि मग आपण म्हणतो आमचे कलाकार पूर्वीसारखे बोलत नाहीत!

पूर्वीचे बोलत होते, हे खरं. अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी गाऊन घसा फोडत होते. पु. ल. देशपांडे १९७७ मध्ये आणीबाणीविरुद्ध गावोगाव बोलले. श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, आणि देवाधर्मावरची लागूंची मतं ज्यांना अजिबात रुचत नव्हती, अशी माणसंही त्यांची नाटकं बघायला येत होती. त्यामागे प्रेक्षकांचं मोठेपण होतंच. पण दुसरी गोष्टही होती: नाटकवाल्याचं पोट तिकिटाच्या खिडकीवर होतं, थेट माणसांच्या हातात. आणीबाणीत किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली, तेव्हा दाबायला एकच सरकारी कळ होती आणि ती कुणी दाबली हे सगळ्यांना दिसलं. मालिकेच्या नटामागे वाहिनी, वाहिनीमागे जाहिरातदार, जाहिरातदारामागे कुणीतरी फोन करणारा. कळ कुणी दाबली ते दिसत नाही. म्हणून कारण लेखी मागायचं.

ॲझ्नर संपले नाहीत. आणखी मालिका आल्या, काही लवकर बंद पडल्या. आवाजाची कामं मिळाली, आणि ऐंशीव्या वर्षी कार्लनं त्यांना नव्या पिढीपर्यंत नेलं. डिसेंबर २०२० मध्ये, एक्क्याण्णव वर्षांचे असताना, त्यांनी नटांच्या आरोग्य योजनेविरुद्ध न्यायालयात दावा लावला. योजनेच्या नव्या नियमांमुळे पासष्टीपुढचे अनेक सभासद संरक्षणाबाहेर फेकले जाणार होते. वादींमध्ये पहिलं नाव त्यांचं होतं. तेव्हा ते ना अध्यक्ष होते, ना कुठल्या मालिकेचे नायक. २९ ऑगस्ट २०२१ ला ते गेले, आणि तडजोड झाली २०२३ मध्ये. नटांना ही आरोग्य योजना मुळात मिळाली होती ती १९६० च्या संपातून, आणि त्या संपाचं नेतृत्व केलं होतं गिल्डचे तेव्हाचे अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांनी.